एकाच ट्रकला दोन कायदे कसे? अमेरिकेतल्या धुराच्या भांडणाची उकल

माझा मामेभाऊ साताऱ्याला असतो. त्याच्या तीन गाड्या आहेत. कधी साखर, कधी कांदा भरून त्या न्हावा-शेवा बंदरापर्यंत जातात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याने मोबाइलवर एक बातमी वाचली आणि लगेच मला फोन लावला. "ताई, तुमच्याकडे चार मोठ्या ट्रक कंपन्यांनी मिळून कॅलिफोर्निया राज्यालाच कोर्टात खेचलंय म्हणे. धुराच्या नियमावरून. पण राज्याला असा नियम करता तरी येतो का? आपल्याकडे बीएस-सिक्स दिल्लीने ठरवलं आणि आपण पाळलं."

मी पुण्यात सहा वर्षं इंजिन चाचणीच्या विभागात काम केलं आणि आता बरीच वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात राहते. तरीही त्याला फोनवर पाच मिनिटांत हे नीट सांगता येईना. या प्रश्नात रसायनशास्त्र आहे, भूगोल आहे, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एक राजकीय तडजोड आहे आणि कर्जाच्या हप्त्यांचं गणितही आहे. म्हणून सावकाश, पहिल्यापासून लिहिते आहे.

धुरात असतं काय?

डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबतात की ती प्रचंड तापते, त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. या जळण्यातून दोन त्रासदायक गोष्टी बाहेर पडतात. एक काजळी, म्हणजे अर्धवट जळलेल्या कार्बनचे बारीक कण. दुसरी नॉक्स. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. पण प्रचंड उष्णतेत तो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि जे वायू तयार होतात, त्यांना मिळून नॉक्स म्हणतात.

ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना पुढची अडचण लगेच कळेल. जाळ मंद असला की धूर होतो आणि भांड्याला काजळी बसते. फुंकणीने जोरात हवा दिली की धूर जातो, पण जाळ भडकतो. इंजिनाचंही तसंच. जाळ थंड ठेवला तर काजळी वाढते, कडक ठेवला तर नॉक्स वाढतो. दोन्ही एकदम कमी करायचे तर नुसत्या जाळावर भागत नाही, मागे सायलेन्सरच्या जागी रसायनशाळाच बसवावी लागते.

त्या रसायनशाळेत मुख्य दोन खोल्या. पहिलीत काजळी अडवणारी जाळी. दुसरीत युरियाचं पाणी फवारून नॉक्सचं पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाणी करणारी भट्टी. आपल्याकडे २०२० नंतरच्या ट्रकना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी असते, ती या युरियाची.

जाळी नीट काम करते का हे पाहायची मेकॅनिक लोकांची एक साधी पद्धत आहे. इंजिन थंड असताना धुराच्या नळीच्या तोंडात बोट फिरवायचं. जुन्या गाडीत बोट काळं कुळकुळीत निघतं. जाळी शाबूत असलेल्या गाडीत लाखो किलोमीटरनंतरही आतला पत्रा उघडा दिसतो आणि बोटाला काही लागत नाही. पुण्यात मी पहिल्यांदा असं बोट फिरवलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. पुन्हा फिरवून पाहिलं.

काजळी फुप्फुसात खोल जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. नॉक्सचं दुखणं जरा आडवळणाचं आहे. उन्हात तो पेट्रोल आणि सॉल्व्हंटच्या वाफांशी मिसळतो आणि त्यातून जमिनीलगत ओझोन तयार होतो. वर आकाशात आपलं रक्षण करणारा ओझोन नाकाशी आला की छातीत जळजळ करतो. दम्याच्या रुग्णांना तर तो फारच वाईट.

हे सगळं कॅलिफोर्नियातच का पेटलं?

२६ जुलै १९४३. लॉस एंजेलिसवर भरदिवसा करड्या धुक्यासारखं काहीतरी उतरलं. डोळे चुरचुरू लागले, दोन-तीन गल्ल्यांपलीकडचं दिसेना. महायुद्ध चालू होतं, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला असंही काही लोकांना वाटलं. मग संशय एका कृत्रिम रबराच्या कारखान्यावर गेला. कारखाना बंद करून पाहिला, तरी धुरकं येतच राहिलं.

कोडं सोडवलं ते आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाने. कॅलटेक या संस्थेत तो अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता. वासाचे सूक्ष्म घटक पकडायची तीच हातोटी त्याने शहराच्या हवेवर वापरली. मोटारींच्या धुरातले वायू आणि ऊन यांच्या संयोगातून हे धुरकं तयार होतं, हे त्याने १९५० च्या सुमारास दाखवून दिलं. मोटार कंपन्यांना ते बराच काळ पटलं नाही.

आता भूगोल पाहा. एका बाजूला समुद्र, तीन बाजूंना डोंगर. समुद्रावरून थंड हवा खाली सरकते आणि वर गरम हवेचा थर बसतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. खालचा धूर वर जाऊच शकत नाही. राज्याच्या मध्यभागी सॅन वाकीन नावाचं शेतीचं खोरं आहे, त्याचीही तीच गत. त्यात वर्षातले कितीतरी महिने कडक ऊन. धुरकं शिजायला याहून चांगली चूल मिळणं कठीण.

म्हणून कॅलिफोर्नियाने देशाच्या आधी नियम केले. १९६६ साली तिथे मोटारींच्या धुरावर मर्यादा आल्या, १९६७ साली 'कार्ब' हे राज्याचं हवा-मंडळ स्थापन करणारा कायदा झाला. त्यावर सही होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची, आणि मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले तेच हागेन-स्मिट. आज हा विषय अमेरिकेत पक्षांच्या भांडणाचा झाला आहे. तेव्हा तो फक्त डोळे चुरचुरण्याचा होता.

कायद्यातली तडजोड

मोटार कंपन्यांना धास्ती वेगळीच होती. उद्या पन्नास राज्यांनी पन्नास नियम केले तर? प्रत्येक तालुक्यात वेगळ्या आटीचा नट चालतो असं ठरलं तर दुकानदार किती माल ठेवील? म्हणून १९६७ मध्ये केंद्राने (तिथे त्याला फेडरल सरकार म्हणतात) ठरवलं की नव्या गाड्यांच्या धुराचा नियम फक्त केंद्र करील. राज्यांना तो अधिकार नाही. १९७० साली हवेचा मोठा कायदा आला, त्यातही हेच कायम राहिलं आणि त्याच वर्षी केंद्राची पर्यावरण संस्था, ईपीए, जन्माला आली.

पण कॅलिफोर्नियाच्या खासदारांनी जोर लावला आणि एक फट ठेवून घेतली. कायद्याच्या २०९ व्या कलमात जिथे ही सूट दिली आहे, तिथे कॅलिफोर्नियाचं नावसुद्धा नाही. ३० मार्च १९६६ पूर्वी ज्या राज्याने स्वतःचे नियम केले होते त्याला सूट मिळू शकेल, एवढंच लिहिलं आहे. असं राज्य एकच होतं.

ही सूट आपोआप मिळत नाही. प्रत्येक नव्या नियमासाठी राज्याने ईपीएकडे अर्ज करायचा. पण ईपीएला नकार द्यायचा असेल तर कारणं मोजकीच आहेत. राज्याचा नियम केंद्राच्या नियमाइतकं संरक्षण देत नसेल, किंवा राज्याची परिस्थिती खरोखर असाधारण नसेल, किंवा कंपन्यांना तयारीला पुरेसा वेळ दिला नसेल, तरच नकार. 'आम्हाला धोरण आवडलं नाही' हे कारण त्या यादीत नाही. आजवर शंभराहून जास्त वेळा अशी सूट मिळाली आहे.

१९७७ साली आणखी एक दार उघडलं. ज्या राज्यांची हवा खराब आहे त्यांना कॅलिफोर्नियाचा नियम जसाच्या तसा उचलायची मुभा मिळाली. काना-मात्रा बदलायची नाही. म्हणजे देशात जास्तीत जास्त दोन नियमपुस्तकं, तिसरं कधीच नाही. कंपन्यांच्या भीतीला आणि धुरक्याला एकाच वेळी दिलेलं हे उत्तर मला फार समंजस वाटतं.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. केंद्राची मक्तेदारी *नव्या* गाड्यांच्या मानकांवर आहे. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची तपासणी, तिचा वापर, यावर राज्याला बराच हात मोकळा असतो.

ट्रकचे नियम: चमच्यापासून दाण्यापर्यंत

इथे मोठा ट्रक म्हणजे सुमारे १५ टनांवरचा. मालासकट महामार्गावर ३६ टनांपर्यंत वजन चालतं. कार्बच्या हिशेबाने कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवरच्या वाहनांत ट्रक जेमतेम ६ टक्के, पण वाहतुकीतून येणाऱ्या नॉक्सपैकी ३५ टक्क्यांहून जास्त त्यांचा. म्हणून सगळं भांडण त्यांच्याभोवती आहे.

नॉक्स मोजतात तो कामाच्या हिशेबात: एका अश्वशक्तीने तासभर काम केलं तर किती ग्रॅम नॉक्स निघाला. १९८५ साली मर्यादा १०.७ ग्रॅम होती, चहाचे दोन चमचे साखर म्हणा. १९९० मध्ये ती ६ ग्रॅमवर आली, १९९८ मध्ये ४ वर. २००१ साली ईपीएने मोठी उडी जाहीर केली: २०१० पर्यंत ०.२ ग्रॅम. तांदळाचा एक दाणा साधारण ०.०२ ग्रॅमचा असतो. म्हणजे दोन चमच्यांवरून दहा दाण्यांवर. त्यासाठी डिझेलमधलं गंधक आधी काढावं लागलं, कारण गंधक त्या रसायनशाळेला विषासारखं असतं. २००६ पासून तिथे दहा लाखात १५ भाग एवढंच गंधक चालतं.

मग २०२० मध्ये कार्बने ठरवलं की २०२४ पासून ०.०५ आणि २०२७ पासून ०.०२. एक दाणा. ईपीएने डिसेंबर २०२२ मध्ये देशासाठी ०.०३५ ठरवले, २०२७ पासून. आकड्यांत फरक दिसतो, पण दोन्हींची दिशा एकच होती. खरं महत्त्व मला आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं, आणि बातम्यांत ती येत नाही.

लाँग बीच बंदराच्या फाटकाशी सकाळी उभं राहून पाहा. कंटेनर घ्यायला आलेल्या ट्रकची रांग लागलेली असते. एक गाडी दहा फूट पुढे जाते, थांबते. इंजिन चालूच. पुन्हा दहा फूट. युरियाच्या भट्टीला काम करायला साधारण २०० अंश उष्णता लागते, आणि अशा रांगणाऱ्या गाडीचा धूर तेवढा गरमच नसतो. तवा तापला नाही तर भाकरी कच्चीच राहणार. म्हणजे महामार्गावर स्वच्छ असलेली गाडी नेमकी वस्तीतल्या फाटकाशी घाण करते. जुन्या चाचण्यांत मुख्यतः जोरात चालणारं इंजिन तपासलं जायचं. नव्या नियमांनी, आधी कॅलिफोर्नियाच्या आणि मग ईपीएच्याही, मंद चालीची वेगळी चाचणी आणली.

चाचणी एक आणि रस्ता दुसरा, या फटीचा गैरफायदा पूर्वी घेतलाही गेला होता. १९९८ साली सात डिझेल इंजिन कंपन्यांनी सरकारशी तडजोड केली. त्यांच्या इंजिनांतला संगणक चाचणीत एक वागायचा आणि महामार्गावर दुसरं, असा आरोप होता. शाळातपासनीस येणार त्या दिवशीच फळा पुसायचा, तसं. इंजिनांची संख्या सुमारे १३ लाख आणि दंड ८ कोटी ३४ लाख डॉलर, पर्यावरण कायद्याखालचा तोवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड. तेव्हापासून नियम लिहिणारे प्रत्येक ओळ संशयाने लिहितात. माझ्या मते ते बरोबरच आहे.

विजेचे ट्रक कुठून आले?

२०२० मध्येच कार्बने आणखी एक पाऊल टाकलं. ट्रक *बनवणाऱ्यांनी* दरवर्षी विक्रीतला ठरावीक हिस्सा धूर न सोडणाऱ्या गाड्यांचा ठेवायचा. २०३५ पर्यंत लांब ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरांत ४० टक्के, इतर मोठ्या ट्रकमध्ये ७५ टक्के. ईपीएने २०२३ मध्ये त्याला सूट दिली. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, ओरेगन, वॉशिंग्टन अशा दहा राज्यांनी हा नियम उचलला.

एप्रिल २०२३ मध्ये तिसरा नियम आला, या वेळी ट्रक *विकत घेणाऱ्या* मोठ्या ताफ्यांसाठी. हा सर्वांत वादग्रस्त ठरला. त्याची सूट मिळण्याआधीच राजधानीत, केंद्रात सरकार बदलणार हे स्पष्ट झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये कार्बने अर्ज स्वतःहून मागे घेतला.

मग २०२५ मध्ये झालं काय?

अमेरिकन संसदेकडे १९९६ पासून एक हत्यार आहे. सरकारी खात्याने नुकताच केलेला नियम साध्या बहुमताने रद्द करता येतो, आणि पुन्हा 'तसाच' नियम करायलाही बंदी येते. एरवी सिनेटमध्ये अडवणूक मोडायला १०० पैकी ६० मतं लागतात, इथे ती लागत नाहीत.

प्रश्न असा की कॅलिफोर्नियाला दिलेली सूट हा 'नियम' आहे का? संसदेचीच हिशेबतपासणी संस्था म्हणाली, नाही. सिनेटच्या कामकाज सल्लागारांनीही तेच सांगितलं. तरीही मे २०२५ मध्ये सिनेटने तीन ठराव मंजूर केले आणि १२ जून २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांवर सह्या केल्या. त्यातले दोन ट्रकशी संबंधित होते: एक विक्रीतल्या हिश्श्याचा, दुसरा कमी नॉक्सचा. त्याच दिवशी कॅलिफोर्निया आणि आणखी दहा राज्यं कोर्टात गेली.

याआधीही सूट काढून घेतली गेली होती. २०१९ मध्ये मोटारींची सूट गेली, २०२२ मध्ये परत आली. पण तेव्हा ते काम ईपीएने केलं होतं, म्हणून पुढच्या ईपीएला ते फिरवता आलं. संसदेने केलेलं फिरवायला एकतर संसद लागते, नाहीतर कोर्ट.

आता माझ्या भावाने वाचलेली बातमी. जुलै २०२३ मध्ये ट्रक आणि इंजिन कंपन्यांनी कार्बशी करार केला होता. कोर्टात काहीही होवो, आम्ही कॅलिफोर्नियाचे नियम पाळू, असं कंपन्यांनी लिहून दिलं. बदल्यात कार्बने २०२७ पासून नॉक्सचा आकडा ईपीएशी जुळवून घ्यायचं कबूल केलं. म्हणजे तो एक दाणा सोडून दिला. जूननंतर मात्र कंपन्या कात्रीत सापडल्या. राज्य म्हणतं, शब्द पाळा. केंद्राचं न्यायखातं म्हणतं, कॅलिफोर्नियाचे नियम पाळू नका. ऑगस्टमध्ये डेमलर, व्होल्वो, पॅकार आणि इंटरनॅशनल या चौघांनी राज्यावर दावा लावला.

कंपन्यांची बाजू इथे समजून घ्यायला हवी. नवं इंजिन तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात. ज्या कंपनीने नियमावर विश्वास ठेवून पैसा ओतला, तिला नियम उठल्यावर सर्वांत जास्त फटका बसतो. ज्याने काहीच केलं नाही तो फायद्यात राहतो. केंद्राचं चित्रही ठाम नाही. २०२७ च्या नॉक्स नियमाचा फेरविचार करू असं ईपीएने मार्च २०२५ मध्येच जाहीर केलं. जुलैमध्ये, 'कार्बन डायऑक्साइडसारखे वायू माणसाला घातक आहेत' या ज्या २००९ च्या निष्कर्षावर वाहनांच्या कार्बन डायऑक्साइडचे सगळे नियम उभे होते तो निष्कर्षच रद्द करायचा प्रस्ताव मांडला.

"एक देश, एक नियम का नको?"

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो पोकळ नाही. ट्रक एका राज्यात राहत नाही. टेक्सासमध्ये घेतलेली, केंद्राच्या मानकाची गाडी कॅलिफोर्नियात येते, आणि राज्याच्या रस्त्यांवर बाहेरच्या ट्रकांची संख्या मोठी आहे. ही अडचण कॅलिफोर्नियाला माहीत आहे. म्हणूनच लॉस एंजेलिस परिसराच्या हवा-जिल्ह्याने इतर संस्थांसोबत २०१६ मध्ये ईपीएकडे अर्ज केला होता: तुम्हीच देशभर कडक नियम करा. २०२२ चा नियम त्यातूनच पुढे आला. म्हणजे 'एक नियम' त्यांनाही हवा आहे, फक्त तो पुरेसा कडक हवा.

दुसरी बाजू अशी की केंद्र शहरांच्या हवेसाठी मर्यादा ठरवतं आणि ती राज्याने गाठली नाही तर राज्यावर बडगा उगारतं. जहाजं, विमानं, रेल्वे इंजिनं बहुतांशी केंद्राच्याच हातात. ट्रकही काढून घेतले तर राज्याने हवा स्वच्छ करायची कशाने? घरातलं पाणी भरायची जबाबदारी सुनेवर टाकायची आणि घागर कडीकुलपात ठेवायची, असं हे होतं.

आपल्याकडेही काही काळ दुहेरी नियम होताच. २०१० साली बीएस-फोर फक्त १३ शहरांत लागू झालं. त्यात मुंबई आणि पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. उरलेल्या देशात बीएस-थ्री चालू राहिलं. शहराच्या वेशीबाहेर नोंदवलेला ट्रक शहरातूनच धूर सोडत जायचा. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स सगळीकडे एकदम आलं, कारण सर्वोच्च न्यायालयाने तारीख हलू दिली नाही. आपल्याकडे केंद्राला ढकलायचं काम न्यायालयाने केलं. तिकडे ते एका राज्याने केलं.

"छोटा गाडीमालक मरतो त्याचं काय?"

हा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. बंदरावर कंटेनर ओढणारे कितीतरी चालक स्वतःच गाडीचे मालक असतात. सॅन वाकीन खोऱ्यात पंजाबी ट्रकवाल्यांची मोठी वस्ती आहे, त्यांच्याशी बोललं की घरचंच कुणी बोलतंय असं वाटतं. हप्ता, टायर, विमा, मुलांची फी. विजेचा मोठा ट्रक डिझेलच्या दुपटीहूनही महाग पडतो. राज्य खरेदीला सवलत देतं, पण कागदपत्रं सांभाळायला ज्यांच्याकडे ऑफिस आहे त्यांना ती आधी मिळते. बॅटरीचं वजनही आहे. त्यासाठी २,००० पौंडांची, म्हणजे सुमारे ९०० किलोंची जास्तीची मुभा आहे, पण ती प्रत्येक वेळी पुरत नाही.

डिझेलच्या नव्या गाडीतही त्रास आहेच. युरिया संपला किंवा एखादा सेन्सर बिघडला की गाडी स्वतःहून वेग उतरवते आणि शेवटी रांगायला लागते. हायवेवर, रात्री, मालासकट. हे ईपीएनेही मान्य केलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये या सक्तीत ढील देणारी सूचना काढली. मला ती योग्य वाटते. धूर कमी करायचा म्हणून चालकाला रस्त्याच्या कडेला अडकवायला नको.

पण छोट्या मालकाच्या बाजूचं एक कलम त्याच नियमांत आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ट्रक नवा घेतो मोठा ताफा. चार-पाच वर्षांनी तो विकतो. दुसरा, तिसरा मालक असतो तो छोटा माणूस, आणि रसायनशाळा बिघडते ती त्याच्याच हातात. आतापर्यंत केंद्राच्या नियमात तिची हमी १ लाख मैलांची होती, म्हणजे दुसऱ्या मालकाकडे येईपर्यंत संपलेली. ईपीएच्या २०२२ च्या नियमात ती सर्वांत मोठ्या ट्रकसाठी साडेचार लाख मैल, सव्वासात लाख किलोमीटर केली. नवी गाडी त्यामुळे महागते, म्हणून उद्योगाला हे कलम नको आहे. नॉक्सच्या आकड्यावरून एवढा गदारोळ होतो. माझ्या मते सामान्य चालकाने डोळ्यांत तेल घालून जपायला हवं ते हे कलम.

जुन्या गाड्यांचं काय?

नवी मानकं फक्त नव्या गाड्यांना लागतात. धूर मात्र जुन्या गाड्यांतून जास्त येतो. इथे कॅलिफोर्नियाने जे केलं ते संसदेच्या ठरावांनी पुसलं गेलेलं नाही. २००८ साली केलेल्या नियमानुसार टप्प्याटप्प्याने जुनी इंजिनं बाद करत आणली, आणि १ जानेवारी २०२३ पासून राज्यात जवळपास प्रत्येक मोठ्या ट्रकचं इंजिन २०१० किंवा त्यानंतरचं लागतं, मग गाडी कुठल्याही राज्याची असो. शिवाय २०२५ पासून बहुतेक ट्रकची वर्षातून दोनदा धुराची तपासणी होते.

इथे आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी सातशेदहा क्रमांकाच्या महामार्गाजवळ राहत होते. बंदरातून निघालेले कंटेनर त्याच रस्त्याने जातात. सोमवारी खिडकीची चौकट पांढऱ्या फडक्याने पुसायची, गुरुवारी फडकं पुन्हा काळं. त्यात टायरची आणि ब्रेकची धूळही असते, सगळं काही इंजिनाचं नसतं. पण तिथल्या बायका आपल्या मुलांच्या दम्याच्या पंपाचा हिशेब महिन्याला किती अशा भाषेत सांगायच्या, ते मी विसरलेले नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर भाऊ म्हणाला, थांब जरा. अंगणात जाऊन त्याने आपल्या २०२१ च्या गाडीच्या नळीत बोट फिरवलं आणि व्हिडिओ कॉलवर दाखवलं. स्वच्छ. मग २०१४ ची गाडी. बोट पेराच्या वरपर्यंत काळं झालं होतं. तो बराच वेळ अंगठ्याने ते पुसत राहिला.

गेल्या महिन्यात त्याने ती जुनी गाडी विकली. लातूरच्या एका माणसाने घेतली. त्याची ती पहिलीच गाडी.